विद्यापीठांची फेररचना आणि बास्केटबॉल संघातील बारा जागा

बंगळुरूच्या वायव्येला, तुमकुरू रस्त्यालगत पसरलेले पीण्या औद्योगिक क्षेत्र ओळखले जाते ते तेथील हजारो लहान कारखान्यांमुळे. १९७० च्या दशकात आकाराला आलेल्या या वसाहतीत एका विद्यापीठाचे संकुलही आहे. रामय्या उपयोजित विज्ञान विद्यापीठाला कर्नाटक विधिमंडळाच्या कायद्याने २०१३ साली खासगी विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि त्याचे तंत्रज्ञान संकुल पीण्याच्या चौथ्या टप्प्यात आहे. शहरातील बहुसंख्य अभियांत्रिकी महाविद्यालये मात्र विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्या विद्यापीठाचे मुख्यालय येथून सुमारे पाचशे किलोमीटरवर, बेळगावात आहे.

वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही. बास्केटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मात्र तो महत्त्वाचा ठरतो. स्वतंत्र विद्यापीठातील खेळाडूला आपल्याच संस्थेतील खेळाडूंशी स्पर्धा करून संघात स्थान मिळवावे लागते. संलग्न महाविद्यालयातील खेळाडूपुढे आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, नंतर निवड चाचणी असा मार्ग असतो आणि राज्यभरातील दोनशेहून अधिक महाविद्यालयांचे खेळाडू त्याच जागांवर डोळा ठेवून असतात. बास्केटबॉलच्या संघात जागा असतात बारा. दोन्ही विद्यापीठांना त्या सारख्याच.

अमेरिकेत महाविद्यालयीन संघांच्या गटरचनेतील उलथापालथीला ‘कॉन्फरन्स रिअलाइनमेंट’ म्हणतात आणि त्यावर वर्षभर चर्चा चालते. भारतातही अशी फेररचना गेली तीन दशके सुरू आहे. मात्र येथे ती क्रीडा संघटनांच्या बैठकीत नव्हे, तर विधिमंडळात होत असल्याने तिच्याकडे खेळाच्या अंगाने क्वचितच पाहिले जाते.

एक विद्यापीठ, एक संघ

भारतातील आंतरविद्यापीठ स्पर्धा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या संस्थेमार्फत घेतल्या जातात. १९२५ साली स्थापन झालेल्या आंतरविद्यापीठ मंडळाचे हे आजचे रूप. बास्केटबॉलसारख्या सांघिक खेळांसाठी देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम असे चार विभाग केलेले आहेत. प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेसाठी पात्र ठरतात आणि तेथील पहिल्या आठ संघांना ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेचे दार उघडते.

या रचनेचा पाया असा की स्पर्धेतील घटक महाविद्यालय नसून विद्यापीठ असते. शेकडो महाविद्यालयांचे विद्यापीठ असो वा एकाच आवारात सामावलेले, संघ एकच उतरतो. त्यामुळे एखाद्या विद्यापीठाचे विभाजन होते तेव्हा परीक्षा व पदव्यांबरोबर खेळाडूंचीही वाटणी होते.

बंगळुरू विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या छत्राखाली एकेकाळी कला, वाणिज्य, विज्ञान, वैद्यक आणि अभियांत्रिकी अशी सर्व महाविद्यालये होती. १९९६ मध्ये राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यकीय महाविद्यालये वेगळी झाली. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आले व संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालये तिकडे गेली. २००४ मध्ये पीण्यावरून जाणारा रस्ता ज्या जिल्ह्याकडे जातो, त्या तुमकुरूला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. २०१७ मध्ये उरलेल्या विद्यापीठाचे त्रिभाजन होऊन बंगळुरू मध्य आणि बंगळुरू उत्तर ही दोन नवी विद्यापीठे अस्तित्वात आली. त्याशिवाय अभिमत व खासगी विद्यापीठांची भर पडत गेली ती वेगळीच.

ज्या प्रदेशातून पूर्वी दक्षिण विभागीय स्पर्धेसाठी मुख्यतः एकाच विद्यापीठाचे बारा खेळाडू निवडले जात, तेथे आज अर्धा डझनहून अधिक संघ उभे राहू शकतात. जागा वाढल्या, पण दक्षिण विभागातून पुढे जाणारे संघ मात्र चारच राहिले.

लाभ कोणाला, तोटा कोणाला

या बदलाचा पहिला लाभ मधल्या फळीतील खेळाडूला झाला. पूर्वीच्या निवड चाचणीत पंधराव्या किंवा विसाव्या क्रमांकावर राहून जो घरी परतला असता, त्याला आता विद्यापीठाचा गणवेश मिळण्याची शक्यता आहे. हा केवळ मानाचा प्रश्न नाही. केंद्र सरकारच्या खेळाडू कोट्यातील भरतीसाठी आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केल्याचे प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. पदकविजेत्यांना प्राधान्य असले तरी सहभागालाही स्थान आहे. कारखान्यातील कामगाराच्या किंवा लहान व्यावसायिकाच्या घरातून आलेल्या मुलासाठी त्या कागदाचे मोल काय असते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

तोटा सहन करावा लागला तो जुन्या, मोठ्या विद्यापीठांच्या संघांना. खेळाडू विभागले गेल्याने उंच खेळाडू एका संघात आणि चेंडू खेळवणारा कुशल रक्षक दुसऱ्या संघात, अशी स्थिती उद्भवू शकते. फुटबॉल किंवा हॉकीत एखादी उणीव इतरांच्या बळावर झाकता येते. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका वेळी पाचच खेळाडू असतात आणि एका जागेवरील दुबळेपणा प्रतिस्पर्ध्याच्या लगेच ध्यानात येतो.

दुसरीकडे, एकाच आवारातील खासगी व अभिमत विद्यापीठांना ही रचना अनुकूल ठरली. त्यांचे खेळाडू वर्षभर एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करतात. शिष्यवृत्ती व वसतिगृहाची सोय देऊन परराज्यातील खेळाडूही आणता येतात. संलग्न विद्यापीठाचा संघ मात्र निवडीनंतर काही दिवसांच्या शिबिरात प्रथमच एकत्र येतो. बंगळुरूच्या जैन विद्यापीठाने २०२२ साली यजमान या नात्याने ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धेत सर्वसाधारण विजेतेपद मिळवले, तर २०२० च्या पहिल्या स्पर्धेत पंजाब विद्यापीठ प्रथम व सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ द्वितीय होते. पहिल्या दोन स्पर्धांच्या निकालांवरून निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तरीही पारंपरिक विद्यापीठांसमोर नवे प्रतिस्पर्धी उभे आहेत, एवढे त्यातून स्पष्ट होते.

महाराष्ट्राचा अनुभव फारसा निराळा नाही. पुणे विद्यापीठातून १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून २००४ मध्ये सोलापूर आणि नागपूर विद्यापीठातून २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले. चंद्रपूर व गडचिरोलीच्या खेळाडूंना तोपर्यंत नागपूर शहरातील खेळाडूंशी झुंजून संघात जागा मिळवावी लागे. विभाजनानंतर ती अडचण सरली. त्याचबरोबर नागपूरच्या खेळाडूंसोबत सराव करण्याची, त्यांच्याकडून शिकण्याची संधीही गेली.

अमेरिकेत पैसा, येथे प्रशासन

अमेरिकेतील फेररचनेमागील कारण अगदी वेगळे आहे. तेथील विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेली असतात. हंगामातील मोठा भाग गटांतर्गत सामन्यांचा असतो व गटाचा विजेता राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळवतो. राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ असतात. त्यांतील उरलेले निवड समिती ठरवते. गट बदलण्याचा निर्णय बहुधा अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपण हक्कांसाठी घेतला जातो. बास्केटबॉलची त्यामागून फरफट होते.

१९७९ साली डेव्ह गॅविट यांच्या पुढाकाराने पूर्व किनाऱ्यावरील विद्यापीठांनी ‘बिग ईस्ट’ हा गट स्थापन केला, तो प्रामुख्याने बास्केटबॉलसाठी. जॉर्जटाउन आणि सिरॅक्यूज यांच्यातील वैर याच गटात गाजले. २०१३ मध्ये सिरॅक्यूज व पिट्सबर्ग बाहेर पडले आणि फुटबॉलच्या अर्थकारणाला कंटाळलेली सात कॅथलिक विद्यापीठे जुने नाव घेऊन वेगळी झाली. मूळ गटातील कनेटिकट विद्यापीठ सात वर्षे दुसऱ्या गटात राहून २०२० मध्ये परतले आणि त्यानंतर २०२३ व २०२४ अशी सलग दोन वर्षे पुरुषांचे राष्ट्रीय विजेतेपद त्याच्याकडे गेले. फुटबॉलपेक्षा बास्केटबॉलला महत्त्व देणारा गट टिकू शकतो, असा दाखला देणाऱ्यांचे हे आवडते उदाहरण. तथापि याच विद्यापीठाने २०१४ चे विजेतेपद दुसऱ्या गटात असतानाच मिळवले होते, ही बाब त्यात सहसा सांगितली जात नाही.

सर्वात मोठा हादरा २०२४ च्या ऑगस्टमध्ये बसला. पश्चिम किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ गटातील बारापैकी दहा विद्यापीठे एकाच वेळी निघून गेली. लॉस एंजेलिसचे यूसीएलए, ज्याने प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या काळात १९६४ ते १९७५ दरम्यान दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, ते आता मध्य-पश्चिमेतील ‘बिग टेन’ गटात आहे. त्या गटात न्यू जर्सीचे रटगर्स विद्यापीठही आहे. म्हणजे गटातील एका सामन्यासाठी संपूर्ण खंड ओलांडावा लागतो. फुटबॉल संघ आठवड्यातून एकदा खेळतो. बास्केटबॉल संघ आठवड्यातून बहुधा दोनदा खेळतो आणि हंगामात तीसच्या आसपास सामने असतात. प्रवासाचा व बुडालेल्या तासिकांचा भार त्यामुळे बास्केटबॉल खेळाडूंवर अधिक पडतो.

मागे राहिलेल्या ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट या दोन विद्यापीठांना बास्केटबॉलसाठी दुसऱ्या, लहान गटाचा आश्रय घ्यावा लागला. २०२६ च्या हंगामासाठी गोन्झागासह इतर विद्यापीठांना सामावून जुना गट पुन्हा उभारण्याचे नंतर ठरले. मोठ्या गटांचे वजन किती वाढले आहे, याची कल्पना २०२५ च्या राष्ट्रीय स्पर्धेवरून येते. त्या वर्षी १६ विद्यापीठांच्या ‘साउथईस्टर्न’ या एकाच गटातील १४ संघांना प्रवेश मिळाला. हा विक्रम होता.

भारतात साखळी हंगाम नाही. विभागीय स्पर्धा एका यजमान विद्यापीठात काही दिवसांत उरकली जाते. त्यामुळे येथे वाढतो तो प्रवास नव्हे, तर बाद फेऱ्यांची संख्या. संघ वाढले की पहिल्या फेऱ्या वाढतात आणि नवख्या विद्यापीठाचा संघ रेल्वेने रात्रभर प्रवास करून एका सामन्यानंतर परत फिरतो.

सीमेवरचे दोन शेजारी

विभागांची आखणी राज्यांच्या सीमांनुसार असल्याने मराठी भाषक सीमाभागात एक विचित्र स्थिती निर्माण झाली आहे. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात खेळते. तेथून सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेले बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ, जे २०१० मध्ये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून वेगळे झाले, ते दक्षिण विभागात. चंदगड तालुक्यातील विद्यार्थ्याला बेळगाव हे कोल्हापूरपेक्षा जवळचे शहर. पण कोल्हापूरच्या विद्यापीठाकडून खेळताना त्याची गाठ राजस्थान, गुजरात व मध्य प्रदेशातील संघांशी पडते, तर बेळगावच्या विद्यार्थ्याची चेन्नई, कालिकत आणि बंगळुरूच्या संघांशी. दोघे अधिकृत स्पर्धेत समोरासमोर येतील ते दोन्ही विद्यापीठे आपापल्या विभागात पहिल्या चारांत आली तरच.

दरम्यान, कर्नाटकात चक्र उलट फिरण्याची चिन्हे दिसू लागली आहेत. २०२३ मध्ये बागलकोट, हावेरी, कोप्पळ, बिदर, हासन, कोडगू आणि चामराजनगर येथे सात नवी विद्यापीठे सुरू झाली. निधी व मनुष्यबळाच्या अभावाकडे बोट दाखवत राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने २०२५ च्या प्रारंभी नऊ विद्यापीठे बंद करण्याची शिफारस केली. अशी विद्यापीठे मूळ विद्यापीठांत विलीन झाली, तर त्यांचे स्वतंत्र संघही संपतील आणि तेथील खेळाडूंना पुन्हा जुन्या विद्यापीठाच्या निवड चाचणीत, त्याच बारा जागांसाठी उभे राहावे लागेल.