बोटांचा घाम शिकवणीला काय सांगतो?

संगणकावर गणित सोडवणाऱ्या मुलाचं उत्तर चुकलं, तर शिकवणीच्या सॉफ्टवेअरला ते तत्काळ कळतं. पण मूल गोंधळलंय, चिडलंय की कंटाळून वाटेल तिथे क्लिक करतंय, याचा त्याला पत्ता नसतो. ही उणीव शरीराच्या खुणा वाचून भरून काढता येईल का, याचा शोध गेली पंचवीस-तीस वर्षं चालू आहे. एमआयटीतल्या रोझलिंड पिकार्ड यांच्या १९९७ सालच्या ‘अफेक्टिव्ह कम्प्युटिंग’ या पुस्तकाने या शाखेला नाव दिलं.

सर्वांत जास्त वापरली जाणारी खूण म्हणजे घाम. तळहातावर आणि बोटांच्या पेरांवर घर्मग्रंथी दाटीने असतात आणि त्यांचा ताबा अनुकंपी चेतासंस्थेकडे असतो. मनात खळबळ झाली की त्या किंचित पाझरतात, त्वचा ओलसर होते आणि तिच्यातून वीज अधिक सहज वाहते. दोन बोटांना इलेक्ट्रोड लावून, जाणवणारही नाही इतका सूक्ष्म प्रवाह सोडायचा आणि वाहकता मायक्रोसिमेन्समध्ये मोजायची. प्रसंग घडल्यावर आलेख साधारण एक ते तीन सेकंदांनी वर चढतो, त्यामुळे पडद्यावरच्या कोणत्या घटनेमुळे तो चढला हे पाहायला थोडं मागे जावं लागतं. प्रत्येकाची त्वचा वेगळी, शिवाय खोलीतला उकाडा वेगळा. म्हणून आधी मुलाला काही मिनिटं शांत बसवून त्याची स्वतःची पातळी नोंदवतात. माउस धरलेला हात सतत हलतो, तेव्हा इलेक्ट्रोड दुसऱ्या हाताला.

आता खरी अडचण येते. वाहकता खळबळ किती हे सांगते; ती सुखाची की त्रासाची हे सांगत नाही. कोडं सुटल्याचा आनंद आणि न सुटल्याची चीड, दोन्हींत आलेख सारखाच उसळतो. मग भुवया आक्रसणाऱ्या स्नायूवर, म्हणजे कपाळावर, आणखी एक संवेदक लावतात. तिथली विद्युत हालचाल वाढली तर भावना बहुधा नकोशी. बहुधाच, एकाग्र झालेलं मूलही कपाळाला आठ्या घालतं.

यावरचा उपाय मला सर्वांत समजूतदार वाटतो तो कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या क्रिस्तिना कोनाती यांच्या गटाचा. त्यांनी ‘प्राइम क्लाइंब’ हा खेळ घेतला. दोन खेळाडू आकड्यांचा डोंगर चढतात. आपला आकडा जोडीदाराच्या आकड्याशी सहमूळ नसेल, म्हणजे दोघांना १ सोडून सामाईक विभाजक असेल, तर घसरायचं. या गटाने शरीराच्या खुणांना एकटं सोडलं नाही. मुलाला जिंकायचंय की गणित शिकायचंय, ते आत्ताच घसरलं का, खेळातल्या मदतनीसाने न मागता सल्ला दिला का, ही कारणं एका बाजूने आणि घाम, कपाळ हे परिणाम दुसऱ्या बाजूने अशी शक्यतांच्या एकाच जाळ्यात विणली. नुसती नाडी न धरता ‘काल काय खाल्लं?’ विचारणाऱ्या वैद्यासारखंच हे. स्वतःच्या हिमतीवर खेळू पाहणाऱ्या मुलाला तो आगंतुक सल्ला खुपला असणार, हा अंदाज घामाच्या आलेखावरून कधीच निघाला नसता.

तरी हा अंदाज खरा की खोटा, हे ठरवणार कोण? त्यासाठी मुलांनाच विचारावं लागतं. या खेळात अधूनमधून चौकट उघडून ‘आत्ता कसं वाटतंय?’ असा प्रश्न येई. पण चौकट खेळ मोडते आणि तिचीच चीड येऊ शकते.

भावना ओळखली तरी पुढे करायचं काय, हे निराळंच कोडं. सिडनी डिमेलो आणि आर्थर ग्रेसर यांच्या अभ्यासात दिसलं की गोंधळ सुटला तर विद्यार्थी पुन्हा कामात रमतो; तसाच राहिला तर वैताग येतो, आणि वैतागातून कंटाळा. म्हणजे गोंधळ दिसताच उत्तर पुढे करणारी शिकवणी शिकण्याची वेळच हिरावून घेते. थोडं थांबून, अडलेलंच असेल तर एक इशारा द्यावा, इतकंच तिचं काम.

शिवाय हा घाम मुलाचा आहे; त्याची नोंद उद्या गुणपत्रिकेशेजारी बसली तर? युरोपीय संघाने आपल्या एआय कायद्यात शाळा आणि कामाच्या ठिकाणी शरीराच्या खुणांवरून भावना ताडणाऱ्या प्रणालींवर बंदी घातली. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली. बंदी २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. आपल्या मुलाच्या शाळेत कुणी ‘लक्ष मोजणारा’ पट्टा विकायला आलं, तर आधी दोन गोष्टी विचारा: तुमचा अंदाज कशाशी ताडून पाहिलात, आणि नोंदी कुणाकडे राहणार?