दोन पदव्यांचे गणित

बारावीचा निकाल लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील घराघरांत अभियांत्रिकीच्या प्रवेशाची चर्चा सुरू होते. अशा वेळी एखाद्या विद्यार्थ्याने राज्यशास्त्रही शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तर वडीलधारी मंडळी गोंधळून जातात. वास्तविक ही इच्छा अनाठायी नाही. धरणाचे पाणी नळापर्यंत आणणे हे अभियंत्याचे काम. ते कोणत्या वस्तीला किती मिळावे, हा मात्र राजकीय निर्णय असतो. उल्हास नदी आणि बारवी धरण यांच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या या परिसराला हे वेगळे सांगावयास नको.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, मनोहर पर्रीकर १९७८ साली मुंबईच्या आयआयटीतून धातुशास्त्राचे अभियंते झाले आणि पुढे गोव्याचे मुख्यमंत्री व देशाचे संरक्षणमंत्री झाले. त्यांना राज्यशास्त्राची पदवी कोठे लागली? नेतृत्वाला पदवी लागत नाही, हे खरेच. परंतु राज्यघटना आणि स्थानिक स्वराज्य यांचा शिस्तबद्ध अभ्यास पालिकेत नोकरी करणाऱ्या सामान्य अभियंत्यालाही उपयोगी पडतो.

मग विद्यापीठ कोणते निवडावे? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास अनुमती दिली. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गातील असल्यास त्यांच्या तासिका एकमेकींवर येता कामा नयेत, ही त्यातील अट. अभियांत्रिकीची व्याख्याने आणि प्रयोगशाळा यांतच दिवस संपतो. कल्याणपासून मुंबईचे टर्मिनस सुमारे ५४ किलोमीटर. लोकलच्या गर्दीतून रोज हा प्रवास करणाऱ्याने दुसऱ्या महाविद्यालयात केव्हा जावे?

म्हणून अभियांत्रिकीसाठी शक्यतो घराजवळचे चांगले महाविद्यालय आणि राज्यशास्त्रासाठी दूरशिक्षण, हाच बहुतेकांना परवडणारा मार्ग होय. मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षणाची परंपरा १९७१ पासूनची आहे; नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही १९८९ पासून कार्यरत आहे. मात्र प्रवेशापूर्वी तीन गोष्टींची खातरजमा करावी: दूरशिक्षणाच्या त्या अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे काय, आपले विद्यापीठ दुसऱ्या पदवीस संमती देते काय, आणि दोन्ही परीक्षा एकाच दिवशी येण्याचा संभव कितपत आहे.

पगारदार कुटुंबाला दुसरे शुल्क एक वेळ झेपेल. वाया गेलेले वर्ष झेपणारे नाही. तेव्हा विद्यापीठाच्या नावाला भुलण्यापूर्वी त्याचे वेळापत्रक मागवावे, हेच शहाणपणाचे.