पाणीखात्याच्या मदतीला पाणीखातं

परदेशी जलसंस्थेशी भागीदारी झाल्याची बातमी आली की पहिला संशय खासगीकरणाचा. आपल्याकडे त्याला कारण आहे. नागपूरने २०१२ साली शहराचा पाणीपुरवठा चालवायला २५ वर्षांच्या करारावर खासगी कंपनीकडे दिला आणि त्यावरून भरपूर वाद झाले. पण संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००९पासून जगभर ज्या भागीदाऱ्या जुळवल्या जातात, त्यांचा प्रकार वेगळा आहे. एका शहराचं पाणीखातं दुसऱ्याला ना-नफा तत्त्वावर मदत करतं. मालकी बदलत नाही, पाणीपट्टी वसूल करायला बाहेरचं कुणी येत नाही.

मग मदत म्हणजे निधी आणि यंत्रं, असा दुसरा समज. हा पुढाकार सुरू होण्याआधीचं, पण त्याच प्रकारचं, कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हचं उदाहरण इथे नीट पाहण्यासारखं आहे. १९७५ साली ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी सत्ता घेतली आणि हे शहर रिकामं केलं. पाणीखात्यातली अनुभवी माणसं मारली गेली, नकाशे गहाळ झाले. १९९३ साली तिथल्या शंभर लिटर पाण्यातल्या ७२ लिटरचे पैसेच येत नव्हते. काही गळून जायचं, काही चोरीला. दिवसाचे दहाएक तास आणि शहराच्या थोड्याच भागाला पाणी मिळे.

नव्या जलवाहिन्यांना पैसा लागलाच. तो जपान, फ्रान्स, जागतिक बँक यांच्याकडून आला. पण पाइप जमिनीत गेल्यावर गळती रोज शोधावी लागते, आणि ती शोधायची कशी हे निधीबरोबर येत नाही. ते घेऊन १९९९ साली जपानमधल्या किताक्युशू महापालिकेच्या पाणीखात्याचा माणूस आला. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागात किती पाणी शिरतं आणि दाब किती आहे, हे नियंत्रण कक्षात दिसू लागलं. रात्री दोन-तीनच्या सुमाराला नळ जवळपास बंद असतात. तेव्हाही एखाद्या विभागात पाण्याचा ओघ चालूच असेल, तर तिथे पाइप फुटलाय किंवा कुणीतरी चोरून जोडणी घेतलीय. मग पथक निघतं आणि जमिनीला यंत्र लावून गळतीचा आवाज ऐकत फिरतं. हे हाताखाली काम करतच शिकावं लागतं, आणि ते शिकवू शकतो रोज हेच काम करणारा माणूस. या भागीदाऱ्यांचं खरं मोल मला इथे दिसतं.

तरीही ‘जपान्यांनी करून दिलं’ म्हणणं चूकच. १९९३मध्ये नॉम पेन्हच्या पाणीखात्याचे प्रमुख झालेले एक सोन चान यांनी मीटर बसवले, चोरीच्या जोडण्या तोडल्या, चांगल्या कामाला बक्षीस आणि लबाडीला शिक्षा सुरू केली. एका बड्या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मीटर बसवायला ते स्वतः गेले, तेव्हा त्यांच्या डोक्याला पिस्तूल लावलं गेलं. त्यांनी त्या घराचं पाणी तोडलंच. ही धमक कुठल्याही करारातून मिळत नाही. आणि वरिष्ठांनाच चोरी चालत असेल तर बाहेरून आलेला अभियंता काय करणार? पुढे गळती आणि चोरी मिळून सहा टक्क्यांच्या आसपास आली, पाणी चोवीस तास झालं.

मीटर आणि सक्तीच्या वसुलीत गरीब भरडले जातात, हाही समज पक्का आहे. नळ नव्हता तेव्हा तेच लोक विक्रेत्यांकडून कितीतरी चढ्या भावाने पाणी घेत होते. पाणीखात्याने त्यांच्या जोडणीच्या खर्चात सवलत दिली, काहींना ती पूर्ण माफ केली.

आणि शिकवणारा श्रीमंत देशातलाच हवा असंही नाही. २००७नंतर कंबोडियाच्या प्रांतांतल्या आठ शहरांची पाणीखाती सुधारायचं काम निघालं, तेव्हा जपानी तज्ज्ञांच्या जोडीला नॉम पेन्हचे कर्मचारी शिकवायला गेले. तिथल्या अडचणी त्यांनी स्वतः भोगलेल्या होत्या आणि भाषाही एकच.

एक समज मात्र यशाच्या गोष्टींतूनच पसरतो: पाणी सुधारलं की सांडपाणी आपोआप सुधारेल. उलट नळ चोवीस तास वाहिला की सांडपाणी वाढतं. नॉम पेन्हच्या पाणीखात्याकडे मैलापाण्याची जबाबदारी नव्हतीच, त्यामुळे ते वर्षानुवर्षं प्रक्रियेविना शहराच्या दक्षिणेच्या तलावांत जात राहिलं. त्याच तलावांत भाजी पिकवली जात होती. मैलापाण्याचं खातं पहिल्या करारापासून भागीदारीत घ्यायला हवं. नळ सुरू झाल्यावर ते जोडायला गेलं तर तोवर तलाव भरलेले असतात.