प्रारब्ध म्हणजे काय गं?

गेल्या दिवाळीत माझी भाची मुंबईहून चांदवडला आली होती. तिच्या टी-शर्टवर कॉलेजचं बोधचिन्ह होतं. त्याखालचे शब्द अक्षरांनी इंग्रजी, पण वाचले तर इंग्रजी नव्हेत! चकल्या पाडता पाडता माझ्या धाकट्या जावेनं विचारलं, "हे काय लिहिलंय गं?"

"लॅटिन आहे मावशी. ‘प्रोव्होकान्स अ‍ॅड व्होलांडुम’. म्हणजे उडायला लावणारा. गरुड आपल्या पिल्लांना घरट्यातून उडायला लावतो ना, तसं."

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "अर्थ इतका चांगला, मग समजेल असं का नाही लिहीत?"

आम्ही हसलो, पण मैत्रिणींनो, प्रश्न काही चुकीचा नव्हता.

लॅटिन ही जुन्या रोमन लोकांची भाषा. आज ती कुणाच्या घरात बोलली जात नाही. पण युरोपात शेकडो वर्षं धर्म, कायदा आणि शिक्षण याच भाषेत चाललं, म्हणून तिथल्या विद्यापीठांची आणि घराण्यांची ब्रीदवाक्यं लॅटिनमध्ये. तीच रीत इंग्रजी अमदानीत आपल्याकडे आली. भाचीचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९चं. मुंबई शहरालाही ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’, म्हणजे हिंदुस्थानातलं पहिलं शहर, असं बिरुद मिळालं होतं.

आपण लॅटिनच्या जागी संस्कृत बसवलं. महाराष्ट्र पोलिसांचं ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’, म्हणजे सज्जनांचं रक्षण आणि दुष्टांचा बंदोबस्त. पुणे विद्यापीठाचं ‘यः क्रियावान् स पण्डितः’, म्हणजे जो करून दाखवतो तोच खरा शहाणा. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेल्या महिला विद्यापीठाचं, आताच्या एसएनडीटीचं, ‘संस्कृता स्त्री पराशक्तिः’, म्हणजे सुशिक्षित, सुसंस्कृत स्त्री ही थोर शक्ती आहे. किती छान! पण कितीजणींना ठाऊक असतं?

आता आपल्या चांदवडचंच बघा. रंगमहालाच्या भिंतीवरची चित्रं दाखवायला पाहुण्यांना आपण हौसेनं नेतो. अहिल्याबाईंचं, होळकरांचं नाव सांगतो. याच होळकर संस्थानच्या राजचिन्हावर पुढच्या काळात एक ब्रीदवाक्य होतं: ‘प्राहोमेशो लभ्या श्रीः कर्तुः प्रारब्धात्’. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, तशी धाकटी जाऊ पटकन म्हणाली, "बघा, तिथंही प्रारब्धच! नशिबात असेल तरच मिळतं."

तिच्या या बोलण्यामागचं दुखणं मला माहीत होतं. बारावीला चांगले मार्क होते, पण लगेच लग्न झालं. आता मुलं मोठी झालीत. बी.ए.चा फॉर्म भरायची इच्छा दोनदा बोलून दाखवली आणि दोन्ही वेळा स्वतःच म्हणाली, "जाऊ दे ताई, प्रारब्धात असतं तर तेव्हाच झालं असतं."

पण या वाक्यात गंमत आहे. मराठीत आपण प्रारब्ध म्हणजे नशीब समजतो. संस्कृतात मात्र त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे ‘आरंभलेलं’, हाती घेतलेलं काम. उमेश, म्हणजे शंकर सांगतो, की जो करतो त्याला त्याच्या आरंभलेल्या कामातूनच लक्ष्मी मिळते. प्रयत्न करणाराला यश मिळतं, असाच या ब्रीदाचा अर्थ सांगितला जातो. म्हणजे ज्या शब्दावर बोट ठेवून आपण गप्प बसतो, तोच शब्द इथं ऊठ, सुरुवात कर म्हणतोय!

जाऊ काही बोलली नाही. सासूबाई बोलल्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन आपल्या चांदवडला झालं, तेव्हा गावोगावहून लाखोंनी बाया आल्या होत्या. सासूबाईही भाकऱ्या बांधून गेल्या होत्या. "‘भीक नको, हवे घामाचे दाम’. याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही बघ," त्या म्हणाल्या. याच संघटनेनं पुढं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि कितीतरी शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. शब्द कळले, म्हणून माणसं हलली.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं, त्याचं ब्रीद साध्या मराठीत आहे: ‘ज्ञानगंगा घरोघरी’. घर, मुलं, शेत सांभाळून शिकणाऱ्या कितीतरी जणी तिथून पदवीधर झाल्या. चकल्यांची शेवटची घाणी उतरल्यावर जाऊ हळूच म्हणाली, "ताई, या वर्षी फॉर्म कधी निघतात, विचाराल का?"

म्हटलं, "तूच विचार. आरंभ तुझा तूच कर."

सासूबाई म्हणाल्या, "परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाकाचं मी बघते." हे वाक्य काही कुठल्या बोधचिन्हावर सापडणार नाही, पण घराघरांत त्याचीच गरज आहे.

मैत्रिणींनो, आज मुलं शाळेतून आली की त्यांच्या बॅजवर काय लिहिलंय ते वाचा. अर्थ कळला नाही तर बाईंना खुशाल विचारा, लाजू नका. आणि जमलं तर स्वतःसाठीही एक ओळ ठरवा. आपल्याला कळेल अशी, आपल्या बोलीतली.