विरजण, विटाळ आणि चवदार तळं

मागच्या कार्यक्रमानंतर आम्हाला पोलादपूरकडच्या एका ताईंचा फोन आला. त्यांच्या घरी तीन दिवस दही लागत नव्हतं. रात्री विरजण लावावं आणि सकाळी पाहावं तर दूध तसंच पातळ, जरा उग्र वासाचं. घरातल्या आजींनी कारण शोधून ठेवलं होतं. १३ वर्षांच्या नातीला पाळी आली होती आणि तिने ते पातेलं उचललं होतं. पोर दोन दिवस पडवीत बसून, धड जेवलीही नव्हती. ताई विचारत होत्या, "खरंच असं होतं का हो? मलाही लहानपणी हेच सांगायचे."

म्हणून आज दह्यावर बोलायचं ठरवलं.

विरजणाच्या एका चमच्यात कोट्यवधी जिवाणू असतात. दुधात जी साखर असते, लॅक्टोज म्हणतात तिला, ती ते खातात आणि तिचं लॅक्टिक आम्ल करतात. दह्याचा आंबटपणा तो हाच. आम्ल वाढत गेलं की दुधातलं केसिन नावाचं प्रथिन एकमेकांना चिकटतं, त्याची जाळी तयार होते आणि त्या जाळीत पाणी अडकून राहतं. दही लागतं ते असं.

या जिवाणूंना ऊब हवी. बोट बुडवलं तर सोसेल इतकं ऊन दूध, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश. घाईत कढत दुधात विरजण घातलं तर ते मरतात. थंड दुधात घातलं तर पेंगत बसतात. म्हणून घाटाखालच्या थंडीत पातेलं गोधडीत गुंडाळायचं, नाहीतर तांदळाच्या डब्यात ठेवायचं. आपल्या आज्यांना जिवाणू माहीत नव्हते, पण त्यांना काय लागतं ते बरोबर माहीत होतं. विरजण फार जुनं झालं की त्यात भलतेच जिवाणू शिरतात आणि दह्याला तार सुटते. मग शेजारून चमचाभर मागून आणायचं, तेही दिवेलागणीच्या आत, कारण नंतर कुणी देत नाही!

आता हाताचं. जिवाणू आपल्या सगळ्यांच्या हातावर रोजच असतात, बायकांच्या, पुरुषांच्या, महिन्याच्या तिसांही दिवशी. पाळीत हातातून वेगळं काही पाझरत नाही. हात धुतलेला असला की झालं. या समजुतीत आपणच अडकलो होतो असंही नाही. घटसर्पाची चाचणी शोधणारे मोठे डॉक्टर बेला शिक यांनी १९२० साली व्हिएन्नात लिहिलं होतं की पाळी चालू असलेल्या कामवालीने हातात धरलेली फुलं कोमेजली, म्हणजे बाईच्या अंगात त्या दिवसांत विष असणार. त्या विषाला नावसुद्धा देऊन झालं. पुढे काटेकोर तपासण्यांत ते विष काही टिकलं नाही.

आपल्याकडे त्याला शब्द आहे विटाळ. आणि हा शब्द महाडात बोलायचा तर एकाच अर्थाने बोलता येत नाही.

मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली बोले ठराव केला, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेली माणसं चालत तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. नंतर गावात त्यांना मारहाण झाली. आणि मग तळं बाटलं म्हणून शुद्धीकरण झालं. १०८ घागरी पाणी काढलं, त्यात दही, दूध, शेण, गोमूत्र कालवलं आणि मंत्र म्हणून ते तळ्यात परत ओतलं.

तेच दही. आत्ता सांगितलं ते जिवाणू साखरेचं आम्ल करतात, माणसाचा स्पर्श काढायचं काम त्यांना येत नाही. तळ्यात दही आणि शेण ओतलं तर पाण्यात घाण वाढते, एवढंच विज्ञान सांगतं. जनावरं त्या तळ्यावर आधीपासून पीत होती, त्यांच्या तोंडाने ते कधी बाटलं नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरली, तेव्हा बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले आणि मुलींना शिकवा म्हणाले. तळ्याचा दावा मात्र कोर्टात चालूच राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं.

राजकारण कशाला काढता, असं काही जणी म्हणतील. पण ते आम्ही काढलेलं नाही. शबरीमला मंदिराच्या खटल्यात सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात म्हटलं की पाळीवरून बायकांना दूर ठेवणं हा अस्पृश्यतेचाच प्रकार आहे, आणि संविधानाचं १७ वं कलम तिथेही लागू होतं. सगळ्या न्यायमूर्तींचं यावर एकमत नव्हतं. पुढे हे प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेले आणि त्यावर देशभर भांडणं झाली. पडवीत बसलेल्या त्या पोरीचा प्रश्न दिल्लीतल्या कोर्टात निघाला होता, इतकंच आम्ही सांगतो. एरवी सरकारला आपल्या दह्यात रस आहेच. १८ जुलै २०२२ पासून छापील पाकिटातल्या दह्यावर ५ टक्के जीएसटी आहे, घरच्या विरजणावर नाही.

तर त्या ताईंकडे वळू. आम्ही त्यांना विचारलं, दूध कुठलं? घरच्या गाईचं. गाय बरी आहे ना? तर गाईला दगडी झाली होती, कास सुजली होती आणि इंजेक्शनं चालू होती. तिथे उलगडा झाला. ते औषध जिवाणू मारणारं, म्हणजे प्रतिजैविक असतं. ते दुधात उतरतं आणि कासेतल्या जिवाणूंसारखंच विरजणातल्या जिवाणूंनाही मारतं. असं दूध पिऊ नये, डेअरीतही घालू नये. किती दिवस, ते औषधावर ठरतं आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. ताईंना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

आम्ही त्यांना म्हटलं, दोन वाट्या घ्या. एकीत आजारी गाईचं दूध, विरजण आजींच्या हाताने. दुसरीत शेजारचं दूध, विरजण लेकीच्या हाताने. विरजण एकच, ऊब एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. आजींची वाटी पातळ. लेकीची वाटी सुरी घालून कापावं असं दही. आजींनी ते खाल्लं का, हे आम्ही विचारलं नाही. पोरगी मात्र पडवीतून उठून चुलीपाशी बसली होती आणि दह्यात साखर घालून खात होती, असं ताईंनी आपणहून सांगितलं.