घूर्णक-स्थिती संवेदकांचे परिरक्षण

विद्युत् चलित्राचा (मोटरचा) फिरणारा भाग म्हणजे घूर्णक. तो कोणत्याही क्षणी नेमक्या कोणत्या कोनात आहे हे ओळखून त्यानुसार विद्युत् संकेत देणाऱ्या प्रयुक्तीला घूर्णक-स्थिती संवेदक म्हणतात. हा संकेत काही मिलिव्होल्टांपासून काही व्होल्टांपर्यंत असतो. मात्र संवेदकाच्या अगदी शेजारीच शेकडो व्होल्ट दाब व दहा ते शेकडो अँपिअर प्रवाह यांची अत्यंत जलद उघडझाप चालू असते. या परिसरातील विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांचा उपद्रव संवेदकाला व त्याच्या तारांना पोहोचू नये म्हणून केलेल्या आवरणे, तारांची रचना, भूसंपर्कन इ. उपायांना एकत्रितपणे परिरक्षण असे म्हणतात.

आवश्यकता : जुन्या एकदिश प्रवाह चलित्रात दिक्परिवर्तक व कुंचे असत. घूर्णक फिरला की दिक्परिवर्तकाच्या पट्ट्या कुंच्यांखालून सरकत आणि योग्य वेटोळ्यात योग्य वेळी प्रवाह आपोआप वळविला जाई. दिक्परिवर्तक हा एक प्रकारे यांत्रिक स्थिती-संवेदकच होता आणि विद्युत् क्षोभाने त्याची फसगत होण्याचा प्रश्न नव्हता. कुंचे झिजतात व ठिणग्या पडतात हे त्याचे दोष होत. कुंचेविरहित चलित्रात स्थायी चुंबक घूर्णकावर बसवितात व स्थिर भागातील (स्थाणुकातील) वेटोळ्यांमधील प्रवाह अर्धसंवाहक स्विचांनी वळवितात. ते केव्हा वळवावयाचे हे स्विचांना सांगण्याचे काम संवेदकाकडे येते. १९७० च्या सुमारास जर्मनीत के. हासे व एफ. ब्लाश्के यांनी प्रत्यावर्ती प्रवाह चलित्रांसाठी क्षेत्राभिमुख नियंत्रणाची पद्धत मांडली. १९८०–९० या दशकाच्या पूर्वार्धात निओडिमियम-लोह-बोरॉन हे प्रबळ स्थायी चुंबक उपलब्ध झाले. या दोहोंमुळे यांत्रिक हत्यारे, यंत्रमानव, उद्वाहक व विद्युत् वाहने यांत अशा चलित्रांचा प्रसार झाला आणि स्थिती-संवेदकाचे महत्त्व वाढले.

संवेदकाची चूक किती महाग पडते हे साध्या गणिताने कळते. स्थायी चुंबकी चलित्रात मिळणारे परिबल (फिरविण्याची प्रेरणा) हे कोनातील त्रुटीच्या कोज्येच्या प्रमाणात असते. १०° विद्युत् कोनाची चूक झाल्यास परिबल केवळ दीड टक्क्याने घटते; परंतु ६०° चुकीस ते निम्मे होते आणि ९०° चुकीस शून्य होते. चूक त्याहून वाढल्यास परिबलाची दिशाच उलटते. अशा वेळी नियंत्रक वेग कमी पडतो असे समजून प्रवाह वाढवितो आणि यंत्र उलट दिशेने अधिकच जोराने ओढले जाते. शिवाय विद्युत् कोन हा यांत्रिक कोनाला ध्रुवांच्या जोड्यांच्या संख्येने गुणून मिळतो. चार जोड्या असलेल्या चलित्रात १५° यांत्रिक चूक म्हणजेच ६०° विद्युत् चूक होय. उद्वाहक, वाहन किंवा यंत्रमानवाचा हात यांच्या बाबतीत ही केवळ कार्यक्षमतेची बाब राहत नाही, तर माणसांच्या सुरक्षिततेची बाब ठरते.

व्यत्ययाचे मार्ग : परिरक्षणाचा विचार करताना व्यत्यय कोणत्या मार्गाने शिरतो हे प्रथम ठरवावे लागते, कारण एका मार्गावरील उपाय दुसऱ्या मार्गावर बहुधा निरुपयोगी ठरतो. मुख्य मार्ग तीन आहेत.

(१) विद्युत् क्षेत्राद्वारे : शेजारून जाणाऱ्या दोन संवाहकांमध्ये नेहमीच थोडी विद्युत् धारिता असते. ४१५ व्होल्ट पुरवठ्यावरील त्रिकला चालन-यंत्रणेत एकदिशीकरणानंतर सु. ५८७ व्होल्ट दाब मिळतो. अर्धसंवाहक स्विच हा दाब सु. ०·१ मायक्रोसेकंदात चालू वा बंद करतो. चलित्राची तार व संवेदकाची तार यांत १०० पिकोफॅराड इतकी अल्प धारिता असली, तरी या क्षणी तिच्यातून सु. ०·५९ अँपिअर प्रवाह वाहतो. मिलिअँपिअरांत काम करणाऱ्या मंडलाला हा धक्का मोठाच असतो.

(२) चुंबकीय क्षेत्राद्वारे : १० अँपिअर प्रवाह नेणाऱ्या तारेपासून १० सेंमी. अंतरावर सु. २० मायक्रोटेस्ला चुंबकीय क्षेत्र असते. संवेदकाच्या दोन तारांमध्ये १०० चौ. सेंमी. क्षेत्रफळाचे मोकळे वेटोळे राहिले व तो प्रवाह एका मायक्रोसेकंदात बदलला, तर त्या वेटोळ्यात सु. ०·२ व्होल्ट दाब प्रवर्तित होतो. याखेरीज स्थाणुकाच्या वेटोळ्यांच्या टोकांतून व विद्युत् चुंबकीय गतिरोधकातून (ब्रेकमधून) निसटणारे चुंबकीय क्षेत्र संवेदकावर थेट परिणाम करते.

(३) संवहनाद्वारे : दोन उपकरणांच्या भूसंपर्क-बिंदूंमध्ये दाबाचा फरक असल्यास जोडतारेतून नको असलेला प्रवाह वाहतो. स्विचांच्या जलद उघडझापेमुळे घूर्णकाच्या दंडावर दाब निर्माण होतो व तो धारव्यांतून (बेअरिंगांतून) किंवा दंडाला जोडलेल्या संवेदकातून जमिनीकडे वाट शोधतो. यावर आवरणाचा उपयोग होत नाही. निरोधक जोडणी (कपलिंग) किंवा दंडाला टेकणारा भूसंपर्क-कुंचा हे यावरील उपाय होत.

विद्युत् क्षेत्रापासून परिरक्षण : १८३६ मध्ये मायकेल फॅराडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट बाजूचा, धातूने वेढलेला एक घनाकार कक्ष बांधला. बाहेरून त्यावर प्रबळ विद्युत् भार दिला असताना ते स्वतः आत बसले. तथापि आतील संवेदनशील उपकरणांवर काहीच परिणाम दिसून आला नाही. संवाहकाच्या पृष्ठभागावरील विद्युत् भार स्वतःची अशी मांडणी करतात की, आतील क्षेत्र नष्ट होते, हे यामागील तत्त्व होय. म्हणून विद्युत् क्षेत्राविरुद्ध तांब्याची किंवा ॲल्युमिनियमाची पातळ पत्रीही पुरते. ती योग्य संदर्भ-बिंदूला जोडलेली असली पाहिजे, एवढीच अट असते. जोडणीविना लोंबकळणारी पत्री व्यत्यय एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूला पोहोचविण्याचेच काम करते.

चुंबकीय क्षेत्रापासून परिरक्षण : धातूची पेटी सर्व उपद्रव थोपविते हा समज येथे चुकीचा ठरतो. ॲल्युमिनियमाच्या पेटीतून स्थिर चुंबकीय क्षेत्र जवळजवळ अबाधितपणे पार जाते. क्षेत्र बदलते असेल, तर पत्र्यात आवर्त (भोवऱ्यासारखे) प्रवाह निर्माण होऊन ते मूळ क्षेत्राला विरोध करतात. हा विरोध कंप्रतेवर (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या संख्येवर) अवलंबून असतो. क्षेत्र ३७ टक्क्यांपर्यंत घटण्यासाठी लागणारी तांब्याची जाडी ५० हर्ट्‌झला सु. ९·३ मिमी., १० किलोहर्ट्‌झला सु. ०·६६ मिमी., तर १ मेगाहर्ट्‌झला केवळ ०·०६६ मिमी. असते. म्हणजे स्विचांच्या उघडझापेतून उद्‌भवणाऱ्या उच्च कंप्रतेच्या व्यत्ययावर तांबे परिणामकारक ठरते; मात्र गतिरोधकाच्या स्थिर क्षेत्रावर ते हतबल असते.

स्थिर व मंद बदलणाऱ्या क्षेत्रासाठी उच्च चुंबकीय पार्यता असलेला पदार्थ लागतो. तो क्षेत्राला अडवीत नाही, तर सोपी वाट देऊन संवेदकाच्या बाजूने वळवून नेतो. लांब नळकांड्याच्या आवरणाने आडवे क्षेत्र साधारणपणे सापेक्ष पार्यता गुणिले भिंतीची जाडी भागिले व्यास इतक्या पटींनी घटते. ५० मिमी. व्यास, १ मिमी. जाडी व १,००० सापेक्ष पार्यता असलेल्या मऊ पोलादाच्या बाबतीत ही घट सु. २० पट येते. निकेलाचे प्रमाण सु. ७७–८० टक्के असलेल्या म्यू-मेटल या मिश्रधातूची पार्यता याच्या कित्येक पट असते. ही मिश्रधातू १९२० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये समुद्राखालील तारायंत्राच्या केबलींसाठी तयार करण्यात आली. तिच्या दोन मर्यादा आहेत : ती सु. ०·८ टेस्लाला संतृप्त होते (मऊ लोखंड सु. २ टेस्लापर्यंत टिकते) आणि ठोकल्याने वा वाकविल्याने तिचा गुण नाहीसा होतो. त्यामुळे आकार दिल्यानंतर ती हायड्रोजनाच्या वातावरणात तापवून सावकाश थंड करावी लागते. प्रबळ क्षेत्रासमोर प्रथम पोलादाचे व त्याच्या आत म्यू-मेटलचे अशी दुहेरी आवरणे वापरणे म्हणूनच श्रेयस्कर ठरते. दंडासाठी ठेवलेल्या भोकातून क्षेत्र आत शिरत असल्याने प्रत्यक्ष घट गणितापेक्षा कमी मिळते.

संवेदकांचे प्रकार व परिरक्षण : सर्वांत साध्या प्रकारात ई. एच. हॉल यांनी १८७९ मध्ये शोधून काढलेल्या परिणामाचा उपयोग करतात [⟶ हॉल परिणाम]. १२०° विद्युत् कोनांवर बसविलेले तीन हॉल संवेदक सहा वैध स्थिती दर्शवितात. तिन्ही संकेत एकाच वेळी शून्य किंवा तिन्ही एक येणे या मांडणीत अशक्य असल्याने तसे घडल्यास नियंत्रक दोष ओळखू शकतो.

दुसऱ्या प्रकारात दंडाच्या टोकाला छोटा चुंबक लावून त्याच्या समोरील मंडल-तबकडीने क्षेत्राची दिशा मोजतात. चुंबकाचे क्षेत्र ४० मिलिटेस्ला असताना त्याला काटकोनात २ मिलिटेस्ला परके क्षेत्र मिसळले, तर कोनात सु. २·९° चूक होते. चार ध्रुव-जोड्यांच्या चलित्रात ती सु. ११·५° विद्युत् कोन भरते. येथे आवरण फार जवळ आणल्यास ते संवेदकाच्याच चुंबकाचे क्षेत्र शोषून घेते व विकृत करते. दंड पोलादी असल्यास चुंबक व दंड यांमध्ये अचुंबकीय तुकडा घालावा लागतो. दोन ठिकाणच्या क्षेत्रांतील फरकच मोजणारे संवेदक वापरल्यास दोहोंवर सारखेच पडणारे परके क्षेत्र वजा होते. ही युक्ती पुष्कळदा आवरणापेक्षा हलकी व स्वस्त पडते.

रिझॉल्व्हर हे लहान फिरते रोहित्रच असते. त्याला काही किलोहर्ट्‌झ कंप्रतेचा संकेत पुरवितात व दोन वेटोळ्यांतून कोनाच्या ज्या व कोज्या यांच्या प्रमाणात दाब मिळतात. कोन या दोहोंच्या गुणोत्तरावरून काढत असल्याने दोहोंत सारख्या प्रमाणात होणारी घटवाढ आपोआप रद्द होते. त्यात इलेक्ट्रॉनीय भाग नसल्याने तो उष्णता व कंपने चांगली सोसतो; पण चलित्राच्या वेटोळ्यांच्या टोकांजवळ बसविल्यास त्याला पोलादी तबकडीची आड लागते. प्रकाशीय संवेदकातील प्रकाशकिरणांवर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होत नाही. परंतु त्याची इलेक्ट्रॉनीय मंडले व केबल यांना संरक्षण लागतेच. १,०२४ रेषांच्या तबकडीपासून प्रत्येक फेऱ्यास ४,०९६ मोजण्या मिळतात. एक खोटी मोजणी म्हणजे सु. ०·०८८° ची चूक होय. ती क्षुल्लक असली, तरी अशा चुका साचत जातात आणि म्हणून फेऱ्यातून एकदा येणाऱ्या संदर्भ-स्पंदाने मोजणी पुन्हा जुळवून घेतात.

केबल व भूसंपर्कन : व्यवहारात बहुतेक व्यत्यय केबलीतूनच शिरतो. प्रत्येक संकेताच्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देतात. त्यामुळे लगतच्या वेटोळ्यांत प्रवर्तित होणारे दाब परस्परविरोधी होऊन रद्द होतात. संकेत एका तारेवर धन व दुसरीवर ऋण असा पाठवून ग्राहकाकडे त्यांतील फरक घेतल्यास दोन्ही तारांवर सारखा चढलेला व्यत्यय नाहीसा होतो. जोड्यांवर धातूच्या तारांचे जाळीदार विणकाम व पत्री यांचे आवरण घालतात. संवेदकाची केबल चलित्राच्या शक्ती-केबलीपासून दूर ठेवतात व तिला ओलांडावेच लागल्यास काटकोनात ओलांडतात.

आवरण एका टोकाला जमिनीला जोडावे की दोन्ही टोकांना, यावर तंत्रज्ञांमध्ये जुना वाद आहे. एकाच टोकाला जोडल्यास भूसंपर्काचे बंद वेटोळे होत नाही व ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट टळतो. ध्वनी व मापन यांच्या मंद संकेतांसाठी ही रीत योग्य आहे. पण ०·१ मायक्रोसेकंदाच्या उघडझापेत सु. ३ मेगाहर्ट्‌झपर्यंतची कंप्रता प्रबळ असते. अशा कंप्रतेला मोकळे टोक आकाशकासारखे (अँटेनासारखे) वागते व आवरणाचा चुंबकीय व्यत्ययावर काहीच परिणाम होत नाही. म्हणून चालन-यंत्रणेत बाहेरचे आवरण दोन्ही टोकांना जोडतात आणि दोन भूसंपर्कांमधील दाबाचा फरक नाहीसा करण्यासाठी समांतर जाड संवाहक टाकतात. ज्या-कोज्येच्या नाजूक जोड्यांना आतून वेगळे आवरण असल्यास ते नियंत्रकाच्या बाजूलाच जोडतात. अशा रीतीने दोन्ही मते आपापल्या कंप्रतेच्या पल्ल्यात खरी आहेत. जोडणी कशी करतात यालाही तितकेच महत्त्व आहे. आवरण पिळून १० सेंमी. लांबीच्या शेपटीने जोडल्यास सु. ०·१ मायक्रोहेन्री प्रवर्तकता येते; ३ मेगाहर्ट्‌झला तिचा संरोध सु. २ ओहम होतो आणि चांगल्या आवरणाचा बराचसा लाभ वाया जातो. म्हणून आवरणाला सर्व बाजूंनी घट्ट वेढणारी पट्टी वापरतात.

परीक्षण : दंड जखडून ठेवून नियंत्रक प्रथम बंद व नंतर चालू करतात आणि संवेदकाच्या वाचनातील अस्थिरता दोन्ही वेळा नोंदवितात. दोहोंतील फरक हा उघडझापेच्या व्यत्ययाचे माप होय. गतिरोधकाला प्रवाह देऊन व काढून घेऊन वाचन सरकते का, हेही पाहतात. रिझॉल्व्हरमध्ये ज्या व कोज्या यांच्या वर्गांची बेरीज स्थिर राहते की नाही याची नियंत्रक सतत तपासणी करू शकतो. वाहनांतील इलेक्ट्रॉनीय भागांची चुंबकीय क्षेत्रातील चाचणी आयएसओ ११४५२-८ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार करतात.

अलीकडील प्रवृत्ती : सिलिकॉन कार्बाइडाचे स्विच काही दशांश नव्हे, तर काही शतांश मायक्रोसेकंदांत उघडझाप करतात. त्यामुळे ऊर्जेचा अपव्यय घटतो, परंतु व्यत्ययाची कंप्रता दहा मेगाहर्ट्‌झच्याही पुढे जाते व जोडणीतील लहानसहान उणिवाही उघड्या पडतात. स्थिर चुंबकीय क्षेत्राला दाद न देणारे, आवर्त प्रवाहांवर आधारलेले प्रवर्तनी संवेदक विद्युत् वाहनांत वापरले जाऊ लागले आहेत. संवेदक पूर्णपणे वगळून वेटोळ्यांतील दाब व प्रवाह यांवरून स्थिती काढण्याच्या पद्धतीही प्रचारात आहेत. तथापि घूर्णक स्थिर किंवा अतिमंद असताना त्यात प्रवर्तित होणारा दाब नगण्य असतो आणि चढावर उभे असलेले वाहन किंवा मजल्यावर थांबलेला उद्वाहक यांना नेमक्या त्याच क्षणी पूर्ण परिबल हवे असते. त्यामुळे अशा ठिकाणी संवेदक व त्याचे परिरक्षण यांची गरज कायम आहे. परिरक्षण यंत्र उभारून झाल्यानंतर चढविण्याऐवजी संवेदकाची जागा, तारांचा मार्ग व भूसंपर्काचे बिंदू हे आराखड्यातच ठरविणे कमी खर्चाचे व अधिक खात्रीचे ठरते. [⟶ विद्युत् चलित्र].