बसचा धूर गेला कुठे?

मुंबईच्या रस्त्यांना विजेवर चालणारे वाहन नवे नाही, हे सांगितले की मुलांना नवल वाटते. ७ मे १९०७ रोजी तेथे विजेची ट्राम सुरू झाली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. १९६२ पासून काही वर्षे ट्रॉलीबसही होती. दोहोंना वीज मिळे ती डोक्यावरच्या तारेतून. तार संपली की गाडी थांबली! पुढची अनेक वर्षे डिझेलची गेली. २०१७ साली 'बेस्ट'ने पुन्हा विजेच्या बस आणल्या, २०२३ साली दुमजलीही आणली. आता तार नाही, वीज बॅटरीत साठवलेली असते.

शहरातली बस सतत थांबते. या थांबण्याची किंमत वर्गात काढून पाहू. माणसांसह बसचे वस्तुमान १५ टन आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर धरू. गतिज ऊर्जा निघते साडेसात लाख ज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा प्रत्येक थांब्यावर युनिटाचा पाचवा हिस्सा मोडीत निघतो. डिझेलची बस ही सारी ऊर्जा ब्रेक तापवण्यात घालवते. विजेच्या बसमध्ये वेग कमी करताना मोटरच जनित्र बनते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत जातो. सगळा नाही, तारा आणि बॅटरी आपला कर घेतातच. शिवाय सिग्नलला उभ्या बसचे इंजिन विनाकारण धडधडत नाही.

तरीही बसवर 'शून्य उत्सर्जन' असे लिहिलेले वाचले की आम्ही जरा थबकतो. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरला तीन किलोमीटर जाणारी वातानुकूलित बस घेतली तर किलोमीटरमागे ०.९ किलो. विजेच्या बसला किलोमीटरला सव्वा युनिटाच्या आसपास वीज लागते. आपली बरीचशी वीज कोळशाची असल्याने युनिटमागे सुमारे ०.७ किलो वायू सुटतो. गुणाकार करा: जवळपास तितकाच! इंजिनात वाया जाणारी उष्णता आता वीजकेंद्रात वाया जाते, एवढाच फरक.

मग मिळवले काय? थांब्यावर उभ्या मुलाच्या नाकासमोरची काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे गेली, ही मोठीच कमाई. दुसरे असे, की डिझेलची बस म्हातारी होईपर्यंत डिझेलच पिते; पण वीज जसजशी सूर्याची, वाऱ्याची होईल तसतशी हीच बस आपोआप स्वच्छ होत जाईल.

अडचण आहे ती आगारात. दिवसाला १८० किलोमीटर धावणाऱ्या शंभर बसना रोज साधारण २२,००० युनिटे लागतील. महिन्याला शंभर युनिटे वापरणारी २२० घरे महिनाभर जेवढी वीज वापरतात, तेवढी ही एका दिवसात! सहा तासांत ती भरायची तर साडेतीन हजार किलोवॅटहून अधिक क्षमतेची जोडणी हवी. त्यातच सूर्य तळपतो तेव्हा बस रस्त्यावर, आणि ती आगारात येते तेव्हा रात्र. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीमधली दुपार तेवढी मोकळी. मुलांना घेऊन जवळच्या आगारात जा आणि विचारा: बारा ते तीन या वेळात येथे किती बस उभ्या असतात?